कंट्रोलचं रक्त

५ मे

ताई,

मागच्या पत्रात मी एक चूक लिहिली. ती आधी दुरुस्त करते, मग बाकीचं.

मी लिहिलं होतं की हे रक्तातलं दुखणं आपल्या घरातल्या बायकांकडून मुलग्यांकडे जातं, म्हणून तुझ्या बाळालाही असणार. ‘असणार’ हा शब्द चूक आहे. ‘असू शकतं’ असं पाहिजे होतं. आईकडून ते तुझ्याकडे आलं असेल किंवा नसेल, दोन्ही शक्यता सारख्याच. आलं असेल तर तुझ्याकडून बाळाकडे गेलं असेल किंवा नसेल, तिथेही तसंच. म्हणजे चारात एक. उरलेल्या तिन्हींत तुझं बाळ ठणठणीत आहे आणि मी उगाच तुझी झोप उडवली. पत्र टाकून परत येताना जिन्यातच हे माझ्या लक्षात आलं. टपालपेटीत हात गेला असता तर मी ते उपसून काढलं असतं.

फोन तू उचलत नाहीस म्हणून लिहिते. पत्ता मावशीने दिला. तिच्यावर रागावू नकोस, मी तिच्यामागे भुणभुण लावली होती. भाऊजी हे वाचून दाखवत असतील तर त्यांना नमस्कार. तू स्वतः अक्षर लावून वाचत असशील तर सावकाश वाच. मी मुद्दाम मोठं अक्षर काढलंय.

मागचं पत्र घाबरून लिहिलेलं, त्याला आगापिछा नव्हता. आता नीट सांगते.

मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागले, हे तुला मावशीकडून कळलं असेल. आमच्याकडे एक तपासणी होते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू गिळतात. पण नुसतं गिळून भागत नाही, आत मारावंही लागतं. त्यासाठी त्या पेशी स्वतःच्या आत एक जहाल द्रव्य तयार करतात. ते तयार होतंय का हे बघायला आम्ही रक्तात एक पिवळा रंग घालतो आणि पेशींना चिथावतो. पेशी धड असेल तर तिच्यातला पिवळा रंग गडद निळा होतो. नसेल तर ती फिकीच राहते. मग काचेवर थेंब पसरून सूक्ष्मदर्शकातून बघायचं, निळ्या कुठल्या आणि फिक्या कुठल्या.

पण रंगच बिघडलेला असला तर? म्हणून आजाऱ्याच्या रक्ताशेजारी दरवेळी एका निरोगी माणसाचंही रक्त लावायचं. त्याला कंट्रोल म्हणतात. निरोगी माणूस रोज कुठून आणणार? आमच्यातलाच कुणीतरी बाही वर करतो. बहुतेक वेळा आमचा एक सहकारी असतो. तो म्हणतो, “माझ्या हाताला एकदाचा नळ बसवून टाका, टोचणं तरी वाचेल.” त्या दिवशी तो रजेवर होता. मग मी बाही वर केली.

आजारी होता एक शाळकरी मुलगा. दोन काचा झाल्या, एक त्याची, एक माझी. एक काच सगळी निळी. दुसरी अर्धी निळी, अर्धी फिकी. सगळी निळी होती तिच्यावर मुलाचा नंबर होता, अर्धी होती तिच्यावर माझा.

मी काय केलं असेन? तू मला शंकाबाई म्हणायचीस ते उगाच नाही. मला वाटलं, मीच लेबलं उलटी चिकटवली. मी तर धडधाकट आहे, मग फिक्या पेशी माझ्या कशा असतील? मी लेबलं बदलली. चिकटवताना पाहिलेलं, वहीत लिहिलेलं, सगळं बाजूला ठेवलं आणि स्वतःच्या धडधाकटपणावर विश्वास ठेवला. मग काचा आमच्या डॉक्टरबाईंपुढे ठेवल्या.

त्यांनी डोळा लावला आणि तशाच म्हणाल्या, “ही मुलाची नाही.”

“मुलाचीच आहे, बाई. आधी लेबल चुकलं होतं, मी दुरुस्त केलं.”

“काय दुरुस्त केलंस?”

मी सांगितलं.

“मुलगा असा अर्धा नसतो. असल्या तर सगळ्या निळ्या, नाहीतर सगळ्या फिक्या. हे बाईमाणसाचं रक्त आहे.” मग त्यांनी डोळा काढला आणि माझ्याकडे बघितलं. “तुमच्या घरात कुणी मुलगा लहानपणी दगावला होता का?”

मी आपल्या भावाबद्दल, पैलवानाबद्दल सांगितलं. बाहेरच्या कुणापुढे मी त्याचं नाव घेतलं ते पहिल्यांदाच. बाबांनी ते नाव त्याच्या काड्यांसारख्या पायांवरून ठेवलं होतं, हेही सांगून बसले, कुणी विचारलेलं नसताना.

त्या मुलाला हे दुखणं नाही. त्याची काच सगळी निळी. माझ्या हुशारीमुळे त्याच्या आईवडिलांच्या हातात भलताच कागद पडला असता.

तुझी
शंकाबाई

१४ मे

ताई,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. नको असलेलं पत्र परतही पाठवता येतं, तसं तू केलं नाहीस, एवढ्यावर मी लिहिते आहे.

सीवायबीबी नावाचं एक जनुक आहे. नाव मी ठेवलेलं नाही, हसू नकोस. जनुक म्हणजे शरीरात एखादी वस्तू कशी बनवायची त्याची कृती. ही कृती एका प्रथिनाची आहे. जंतू गिळणाऱ्या पेशींच्या पातळ पडद्यात ते प्रथिन बसतं आणि जहाल द्रव्य तयार करायच्या कामाला लागतं. कृती बिघडलेली असेल तर प्रथिन बनत नाही, किंवा बनून उपयोगाचं नसतं. मग पेशी जंतू गिळते आणि पोटात घेऊन बसून राहते. जंतू आत मजेत असतो.

बायकांकडे या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. प्रत्येक पेशी त्यातली एकच उघडते आणि दुसरी कायमची मिटून ठेवते. माझ्या साधारण निम्म्या पेशींनी चांगली प्रत उघडली, निम्म्यांनी बिघडलेली. निम्म्या पेशींवर माझं भागतं. मुलग्याकडे एकच प्रत असते, आईकडून आलेली. ती बिघडलेली आली की संपलं.

‘संपलं’ हेही चूक लिहिलं. आता संपत नाही. रोज घ्यायची औषधं आहेत, ती आधीपासून दिली तर अशी मुलं शाळेत जातात, मोठी होतात. काहींना दुसऱ्याची अस्थिमज्जा देऊन बरंही करतात. फक्त आधी माहीत पाहिजे. आपल्या वेळी कुणाला माहीत नव्हतं.

पैलवानाला हेच होतं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. त्याचं रक्त आता कुणाकडेच नाही. पण त्याच्या मानेतल्या गाठी आठव. डॉक्टरने दोनदा कापून पू काढला. तू त्याच्या गळ्याला फडकं बांधायचीस आणि तो म्हणायचा, मी फौजदार. (हे मला आठवत नाही, मी फार लहान होते. तूच सांगितलेलं.) हिरड्या सुजायच्या. ताप यायचा आणि जायचा. आई म्हणायची नजर लागते, बाबा म्हणायचे अशक्तपणा आहे, आणि त्याला सांभाळायला तुझी शाळा सुटली. मी शिकले ती तुझ्या जागेवर बसून. हे मी उपकार म्हणून लिहीत नाही, नुसतं खरं आहे म्हणून लिहिते.

आता बाळाचं. मावशी म्हणाली, लस टोचल्यावर त्याच्या काखेत गाठ आली, फुटली आणि पुष्कळ दिवस वाहत होती. अशी गाठ धडधाकट बाळांनाही येते. मी हे दोन पुस्तकांत पाहिलं आणि डॉक्टरबाईंना विचारलं. तरी माझा जीव थाऱ्यावर नाही. मावशी असंही म्हणाली की तू नर्सरीत काम करताना त्याला टोपलीत घालून रोपांपाशी ठेवतेस, आणि तो आता टोपलीत राहत नाही, पोटावर सरकत बाहेर येतो. ती कौतुकाने सांगत होती.

ताई, त्याचं रक्त तपासू दे. तुझंही. आणि तोवर त्याला नर्सरीतल्या खतापासून आणि कुजलेल्या पाल्यापासून लांब ठेव. घरातच ठेव.

तू शेवटची आलीस तो दिवस मी विसरलेले नाही. दिवस गेल्याचं सांगायला तू एवढ्या लांबून आलीस, आईने चहा दिला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “सांभाळता येईल का तुला?” तू कप खाली ठेवलास. तो भरलेला होता. ही तपासणी आईच्या बाजूची नाही. तसं तुला वाटू नये, म्हणून लिहिलं.

तुझी
शंकाबाई

२७ मे

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, पण मिळालं. मी ते दारातच उभ्याने वाचलं. तू लिहिलंस:

“पाला का लांब ठेवायचा? पैलवान पाल्याने गेला की नाही? हो किंवा नाही, एक लिही. फापटपसारा नको.”

हो.

मी आधी ‘नाही’ लिहिलं होतं. एक अख्खं पान लिहिलं. त्यात होतं की दोष सगळा जनुकाचा, पाल्याचा काही संबंध नाही, आई इतकी वर्षं खोटं बोलत आली. लिहिताना फार बरं वाटत होतं. वाटलं, हे वाचून तू रडशील, आणि मग लगेच बाळाला घेऊन येशील. पण मग आठवलं की तू पाल्यातच राहतेस. पाल्याचा संबंध नाही असं मी लिहिलं तर तू त्याला का घरात ठेवशील? ते पान मी फाडलं.

म्हणून हो. कुजलेल्या पाल्यात एक बुरशी असते. ढीग उसकटला की तिची धूळ उडते आणि श्वासातून आत जाते. तुझ्या-माझ्या पेशी तिला मारून टाकतात, आपल्याला पत्ताही लागत नाही. अशा मुलाच्या पेशी मारू शकत नाहीत. मोठ्या बागेच्या मागे माळी पानांचा ढीग लावायचे, त्यात तू त्याला उड्या मारायला नेलंस. नंतर त्याला ताप आला, मग धाप लागली, आणि तो गेला. हे सगळं जुळतं. डॉक्टरबाईंना मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, पुस्तकात आहे तसंच आहे. मी सिद्ध करू शकत नाही. पण तू हो किंवा नाही विचारलंस, आणि ‘नाही’ म्हणायला माझ्यापाशी जागा नाही.

आता फापटपसारा. रागाव, पण वाच.

त्या ढिगात आपण तिघं होतो. मी तुझ्या कडेवर होते आणि तू मलाही पाल्यात सोडलंस, हे आईच सांगते. त्या गल्लीतली सगळी मुलं तिथे उड्या मारायची. कुणाला साधी शिंकही आली नाही. तू दहा वर्षांची होतीस आणि किरकिऱ्या भावाला हसवायला घेऊन गेलीस. तो हसत होता का? मला खरंच विचारायचंय. आई गोष्ट सांगते त्यात तो कधी हसत नाही.

त्याच्यात काय नव्हतं हे त्या वेळी डॉक्टरला दिसलं नाही, आईला दिसलं नाही, मग तुला कसं दिसणार होतं? पाल्याने तो गेला, आणि तू त्याला मारलं नाहीस. आपल्या घरात या दोन गोष्टी एकाच वाक्यात बोलल्या गेल्या, इतक्या वर्षांत कुणी त्या सुट्या केल्या नाहीत.

आणखी एक. तू पाल्यातच काम धरलंस तेव्हा आई म्हणाली होती, बघा, हिला लाज नाही. मला तेव्हाही तसं वाटलं नव्हतं. मला वाटतं तू रोज त्यात हात घालून बघत होतीस, हा खरंच विषारी आहे का. चूक असेल तर सांग.

बाळ आता कुठे असतं? एवढं तरी कळव.

तुझी
शंकाबाई

८ जून

ताई,

मावशी म्हणाली, तू बाळाचं अंथरूण आतल्या खोलीत नेलंस आणि भाऊजी बाहेर हात धुऊन, कपडे बदलून मगच आत जातात. आणि तू वैतागून म्हणालीस, “त्या शंकाबाईने घराचं इस्पितळ करून टाकलं.” मी तिच्याकडून हे दोनदा वदवून घेतलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, “पुरे गं बाई, मी काय रेडिओ आहे का?”

आता आईचं सांगते. सांगावं की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. तिने सांग म्हटलेलं नाही, पण सांगू नकोस असंही म्हटलेलं नाही.

मी घरी सगळं सांगितलं. बाबा मशीनवर कुणाचीतरी पँट आखूड करत होते. आई लाँड्रीतून नुकतीच आलेली, इस्त्री करून सुजलेली मनगटं मिठाच्या पाण्यात घालून बसलेली. मी तुला समजावलं तसंच तिलाही समजावलं.

ती म्हणाली, “म्हणजे माझ्या दुधातून गेलं त्याला?”

“दुधातून नाही गं, आई. त्याच्या खूप आधी. तो पोटात राहिला त्याच क्षणी. तुला तुझ्या आईकडून आलं असेल. यात कुणाचा हात नसतो.”

“कुणाचाच?”

“कुणाचाच.”

तिने मनगटं पाण्यातून बाहेर काढली. मग म्हणाली, “मग मी तिला बोलले ते?”

मशीन थांबलं. बाबा मान वर न करता म्हणाले, “ते तुझं तू बोललीस.” आणि मशीन परत सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई प्रयोगशाळेच्या दारात उभी. कामावरून तशीच आलेली, बाही कोपरावर गुंडाळलेली. आमचा तो नळवाला सहकारी म्हणाला, “या काकू, तुमच्या लेकीने आमच्यातला एक कंट्रोल कमी केला, तुम्ही भरपाईला आलात का?” आईला ते कळलं नाही, पण ती त्याच्याकडे बघून हसली. बाहेरच्या माणसासमोर ती हसते, तुला माहीत आहे. शीर मीच शोधली.

तिची काच माझ्यासारखीच निघाली. थोड्या निळ्या, थोड्या फिक्या. तिला बघायचं होतं. मी खुर्ची खाली केली, भिंग तिच्या डोळ्याला जुळवून दिलं.

“यातल्या माझ्या कुठल्या?”

“सगळ्या तुझ्याच.”

“आणि त्याच्या?”

“त्याच्या सगळ्या फिक्या असतील. मला वाटतं.”

ती खूप वेळ डोळा लावून बसली. डॉक्टरबाई दोनदा येऊन गेल्या. शेवटी आई म्हणाली, “तिचं पण असंच बघता येतं?”

“तिने रक्त दिलं तर.”

“मी मागितलं तर देणार नाही. तू माग.”

एवढंच बोलली. आईने माफी मागितली असं मी लिहिणार नाही, कारण तिने मागितली नाही. जिना उतरताना तिने कठडा धरला होता, एरवी ती धरत नाही. याचा अर्थ काय लावायचा ते मला ठाऊक नाही.

तर आता मागते. तू इथे यायचं नाहीस, हे मी धरून चालले आहे. बाळाला एवढ्या प्रवासात बसवूही नये. मीच येते.

ही तपासणी ताज्या रक्तावरच होते, शिळं चालत नाही. डॉक्टरबाईंनी सोमवारची दुपार मोकळी ठेवलीय आणि मला सकाळची सुट्टी दिलीय. मी पहिल्या बसने निघेन, तुमच्या फाटकाशी उतरेन, रक्त घेईन आणि लगेच उलटी फिरेन. जेवायला थांबणार नाही, आग्रह करू नकोस. तीन नळ्या लागतील, एक बाळाची, एक तुझी आणि एक भाऊजींची. ते कंट्रोल. मी आता कंट्रोल होऊ शकत नाही, आणि ते आपल्या रक्ताचे नाहीत, म्हणून तेच बरे. सुईला घाबरत असतील तर आधीच सांग, मी त्यांना आडवं झोपवून घेईन. बाळाची काळजी करू नकोस. मला जगातल्या सगळ्या गोष्टींची धास्ती वाटते, पण लहान मुलाची शीर मला सापडते. ते एक काम मी हात न थरथरता करते.

सगळ्या निळ्या निघाल्या तर मी तुला तार केल्यासारखं एका शब्दात कळवेन आणि तू मला जन्मभर शिव्या घाल. फिक्या निघाल्या तर बाई त्याच संध्याकाळी औषध लिहून देतील, ते घेऊन मी परत येईन, आणि त्या वेळी राहीन.

आईने विचारलं होतं, मी पण येऊ का? मी नको म्हणाले. तुला न विचारता मी तिला आणणार नाही. तिचं तुझ्याशी जे काही आहे ते बाळाच्या रक्ताच्या आड यायला नको.

फाटक बंद असलं तर मी हाक मारणार नाही. उघडं असलं तर आत येईन. दोन्हींपैकी काय करायचं ते तू ठरव, पण ठरवायला वेळ मिळावा म्हणून दिवस नक्की लिहिते. मी येतेय सोमवारी, १६ जूनला.

तुझी
शंकाबाई